एचओ, एन की नॅरोगेज? घरातल्या रेल्वेचा लेआउट ठरवण्याआधी

घरी रेल्वेचा लेआउट, म्हणजे रूळ, स्टेशन, डोंगर यांची छोटी मांडणी करायची म्हटलं की सगळ्यांच्या मनात आधी इंजिन येतं. डब्ल्यूएपी-७ मिळेल का, डेक्कन क्वीनचे डबे मिळतील का, आवाज करणारं इंजिन घ्यावं का. माझं ठाम मत आहे की इंजिन सगळ्यांत शेवटी ठरवावं. आधी टेप घ्या आणि गाडीला वळायला घरात किती रुंद जागा मिळते ते मोजा. सरळ रूळ कुठल्याही भिंतीच्या कडेने टाकता येतो. गाडी परत फिरवायला मात्र अख्खं अर्धवर्तुळ लागतं. मॉडेल रेल्वेच्या दोन रूढ मापांपैकी मोठं एचओ घरात बसेल, लहान एन बसेल की तिसरी वाट धरावी लागेल, हे त्या अर्धवर्तुळावरच ठरतं.

हिशेब सोपा आहे. आज बहुतेक एक्स्प्रेस गाड्यांना लागणारा एलएचबी डबा प्रत्यक्षात साडेतेवीस मीटर लांब असतो. एचओमध्ये, म्हणजे १:८७ या प्रमाणात, तो २७ सेंटिमीटरचा होतो. एनमध्ये, म्हणजे १:१६० मध्ये, पावणेपंधरा सेंटिमीटरचा. वळणाच्या त्रिज्येसाठी जुन्या लेआउटवाल्यांचा एक ठोकताळा आहे. त्रिज्या सगळ्यांत लांब डब्याच्या दुप्पट असेल तर गाडी कशीबशी वळते, अडीचपट असेल तर भरवशाने वळते आणि तिप्पट असेल तर बघायलाही चांगली दिसते. दुप्पटच्या खाली गेलात की डब्याचा मधला भाग वळणाच्या आतल्या बाजूला आणि टोकं बाहेर अशी लोंबायला लागतात. शेजारच्या रुळावरची गाडी घासते, आणि कपलिंग, म्हणजे डबे जोडणारी पकड, इतकं ताणलं जातं की हलका डबा रुळावरून उचलला जातो.

| | एचओ | एन | एचओ प्रमाणातला नॅरोगेज |
|---|---|---|---|
| प्रमाण | १:८७ | १:१६० | १:८७ |
| दोन रुळांतलं अंतर | १६.५ मिमी | ९ मिमी | ९ मिमी |
| एलएचबी डबा | २७ सेंमी | १४.७ सेंमी | लागू नाही, डबे मुळातच आखूड |
| १२ डब्यांचा रेक | सुमारे ३.३ मी | सुमारे १.८ मी | लागू नाही |
| चांगलं दिसणारं वळण | ८१ सेंमी त्रिज्या | ४४ सेंमी त्रिज्या | २३ सेंमीपासून पुढे |

या आकड्यांपुढे ८ फूट बाय ४ फूट प्लायवूडची शीट ठेवून बघा, कारण बहुतेकांची सुरुवात त्याच शीटवर होते. शीटची रुंदी १२२ सेंटिमीटर. एचओत ८१ सेंटिमीटर त्रिज्येचं वळण घ्यायला १६२ सेंटिमीटर रुंदी लागते, म्हणजे ते शीटवर मावतच नाही. ओढूनताणून ५४ सेंटिमीटर त्रिज्या बसते, पण तिथे एलएचबी डबा कसाबसाच वळेल. एनमध्ये ४४ सेंटिमीटर त्रिज्येचं वळण ८८ सेंटिमीटरांत होतं, दोन्ही कडांना जागा उरते आणि आत दुसरा रूळही टाकता येतो. त्या शीटवर एनचा लंबगोल सहा मीटरांच्या आसपास भरतो आणि २४ डब्यांचा अख्खा रेक साडेतीन मीटरांत संपतो. पूर्ण लांबीची राजधानी एका शीटवर धावते. एचओत तोच रेक साडेसहा मीटरांचा होईल.

एचओ कुणासाठी

मग एचओ बाद झालं का? मुळीच नाही. फक्त त्याला टेबल लागत नाही, भिंती लागतात. दहा बाय दहाची खोली घ्या. भिंतींच्या कडेने ४०-४५ सेंटिमीटर रुंदीची फळी फिरवा आणि चारही कोपऱ्यांत ती थोडी फुगवा. कोपऱ्यात ८० सेंटिमीटर त्रिज्येचं वळण सहज बसतं, प्रत्येक भिंतीवर मीटरभर सरळ रूळ उरतो आणि एकूण फेरी साडेनऊ मीटरांच्या आसपास होते. दहा-बारा डब्यांची गाडी त्यावर छान दिसते. खोलीचा मधला भाग मोकळा राहतो, पलंग किंवा अभ्यासाचं टेबल फळीखाली जातं. दारापाशी तेवढी उचलून काढता येईल अशी फळी करावी लागते. ते काम सुताराकडून नीट करून घ्या. दोन्ही बाजूंचे रूळ रोज अचूक समोरासमोर आले नाहीत तर गाडी दर वेळी तिथेच पडेल.

एचओची खरी ताकद हातात घेतल्यावर कळते. डिझेल इंजिन तीन-चारशे ग्रॅम भरतं, त्यामुळे रुळावर थोडी धूळ असली तरी चाकांचा संपर्क सुटत नाही. आत स्पीकरला जागा असते. चाळिशी लागलेल्या माणसाला डबा रुळावर ठेवताना चाकाची कड दिसते, सात-आठ वर्षांच्या मुलाच्या हातालाही ते जमतं. आजोबा आणि नातू मिळून लेआउट करणार असतील तर मी डोळे झाकून एचओ सांगेन.

भारतीय गाड्यांची एचओ मॉडेल्स मोजक्या संख्येने बनतात आणि पटकन संपतात. त्यामुळे बरेच हौशी लोक परदेशी इंजिनाच्या चासीवर भारतीय बॉडी चढवतात. त्यासाठी इंजिनांचे नातेसंबंध माहीत असलेले बरे. आपलं डब्ल्यूडीएम-२ डिझेल इंजिन अमेरिकेच्या अल्को कंपनीच्या डीएल-५६० घराण्यातलं. डब्ल्यूडीजी-४ अमेरिकेच्याच ईएमडी कंपनीच्या जीटी-४६ मॅकवरून आलेलं. डब्ल्यूएपी-५ हे एबीबीच्या ज्या 'लोक २०००' कुळातलं, त्याच कुळात स्वित्झर्लंडचं आरई-४६० आहे. बॉडी वेगळी असली तरी बोगी (इंजिनाखालची चाकांची चौकट) आणि चाकांमधली अंतरं शोधायला कुठून सुरुवात करायची, हे यावरून कळतं.

इथे एक तडजोड मान्य करावी लागते. एचओचा १६.५ मिलिमीटरचा रूळ स्टँडर्ड गेजचा, म्हणजे १४३५ मिलिमीटरचा आहे. आपलं ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरचं. ते १:८७ मध्ये १९.३ मिलिमीटर व्हायला हवं. म्हणजे एचओवरची आपली प्रत्येक गाडी जवळपास तीन मिलिमीटर अरुंद रुळावर उभी असते. बाजूने बघताना हे जाणवत नाही, समोरून बघितलं की डबा रुळांच्या मानाने जरा रुंद वाटतो. मला त्याचा त्रास होत नाही. ज्यांना होतो त्यांनी मेट्रोचा विचार करावा. मुंबई, पुणे आणि नागपूर या तिन्ही मेट्रो स्टँडर्ड गेजवर आहेत, तेव्हा एचओचा रूळ त्यांना तंतोतंत लागू पडतो. उन्नत मार्ग, खाली सिग्नलवर खोळंबलेली रहदारी आणि आखूड गाड्या, असा लेआउट छोट्या खोलीत शोभून दिसेल.

फिरती फेरी नकोच असेल तर एचओ आणखी कमी जागेत बसतं. इंग्लंडमध्ये रुजलेली इंग्लेनूक नावाची मांडणी आहे. तीन सायडिंगा, म्हणजे बाजूचे बंद टोकाचे रूळ, एकीत पाच वाघिणी मावतात, उरलेल्या दोन्हींत तीन-तीन. आठ वाघिणी आणि एक शंटिंगचं इंजिन घ्यायचं, चिठ्ठ्या काढून पाच वाघिणी निवडायच्या आणि त्याच क्रमाने गाडी लावायची. आपली बॉक्सएन वाघीण १०.७ मीटरची, एचओत सव्वाबारा सेंटिमीटर. दोन सांध्यांसकट (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर नेणारे तुकडे) सगळं मिळून साडेपाच-सहा फुटांची अरुंद फळी पुरते. पुस्तकांच्या कपाटावर हे राहतं, आणि माणूस तासन्‌तास त्यात गुंततो.

एन कुणासाठी

ज्यांना गाडी लांबून धावताना बघायची आहे, मागे डोंगर, पूल, शेतं हवी आहेत, त्यांनी एन घ्यावं. एनमध्ये निसर्गाला जागा मिळते. एचओत त्याच टेबलावर स्टेशन आणि रूळच सगळं व्यापून टाकतात.

सुरुवातीला जपानच्या काटो कंपनीचा युनिट्रॅक मला सगळ्यांत भरवशाचा वाटतो. खडीचा आभास असलेला प्लास्टिकचा पाया रुळाला आधीच जोडलेला असतो. नेहमीचा सरळ तुकडा २४८ मिलिमीटरचा, सुरुवातीच्या सेटमधलं वळण ३१५ मिलिमीटर त्रिज्येचं. सत्तर सेंटिमीटर रुंदीच्या टेबलावर फेरी होते. दोन तुकडे जोडताना टोकांची खाच बसली की हाताला कळते, आणि शंभरदा जोडून-काढूनही जोड सैल पडत नाही. दिवाळीत दिवाणखान्यात मांडून नंतर खोक्यात भरायचं असेल तर याला तोड नाही. एलएचबीला ३१५ ची त्रिज्या दुपटीपेक्षा किंचितच जास्त पडते. तेव्हा लांब डबे घेणार असाल तर वळणांचे मोठे तुकडे सुरुवातीलाच घ्या.

एनमध्ये प्रमाणाची एक भानगड आहे. रूळ सगळीकडे ९ मिलिमीटरचे, पण युरोप-अमेरिकेत प्रमाण १:१६०, ब्रिटनमध्ये १:१४८ आणि जपानच्या नेहमीच्या गाड्यांना १:१५०. जपानी स्टेशनशेजारी जर्मन घर ठेवलं तर ते किंचित बुटकं दिसतं. गाड्या मात्र एकाच रुळावर चालतात.

एनचे दोष आहेत. इंजिन शंभर ग्रॅमच्या आसपास, त्यामुळे धुळीचा एक कण पुरे, गाडी अडखळते. आठवड्यातून एकदा आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या सुती कापडाने रूळ पुसावे लागतात. पॉलिश पेपर कधी लावू नका. त्याने पडलेल्या बारीक ओरखड्यांत मळ आणखी साचतो. भारतीय गाड्या एनमध्ये तयार मिळणं एचओहून कठीण आहे. बहुतेक वेळा थ्रीडी प्रिंटची बॉडी आणि जपानी चासी हाच मार्ग.

विजेकडे नीट लक्ष द्या. जपानी बाजारासाठी बनलेला पॉवरपॅक १०० व्होल्टवर चालतो, अमेरिकेतून भावाने किंवा मुलीने आणलेल्या सेटचा १२० वर, आणि आपल्या भिंतीत २३० आहे. पिन बदलणारा अडॅप्टर व्होल्टेज बदलत नाही. मागचं लेबल वाचल्याशिवाय बटण दाबू नका. रुळावर शेवटी जाते ती साधारण १२ व्होल्ट डीसीच, त्यामुळे इथे मिळणारा २३० व्होल्टचा चांगला कंट्रोलर घेतला तरी काम भागतं.

तिसरी वाट: नॅरोगेज

आपल्याकडे हिची चर्चा फारच कमी होते, आणि महाराष्ट्रातल्या माणसाला तर ती सगळ्यांत जवळची आहे. एचओच्या प्रमाणातली माणसं, घरं, झाडं घ्यायची, पण रूळ एनचे, ९ मिलिमीटरचे. अडीच फुटी नॅरोगेज म्हणजे ७६२ मिलिमीटर. ते १:८७ मध्ये पावणेनऊ मिलिमीटर होतं, म्हणजे ९ मिलिमीटरचा रूळ जवळजवळ बिनचूक. ब्रॉडगेजला एचओमध्ये जी तडजोड करावी लागते, ती इथे उरतच नाही.

आणि या गेजवर आपल्याकडे काय होतं ते आठवा. ब्रिटिश अभियंता एव्हरार्ड कॅल्थ्रॉप यांची बार्शी लाइट रेल्वे १८९७ मध्ये सुरू झाली. कुर्डुवाडीपासून एकीकडे बार्शी-लातूर, दुसरीकडे पंढरपूर-मिरज असा तिचा विस्तार झाला. कॅल्थ्रॉप यांनी प्रत्येक आसावरचा भार पाच टनांवर ठेवला, म्हणून हलक्या रुळावर मोठ्या वाघिणी चालू शकल्या. लीड्सच्या किट्सन कंपनीची तिची इंजिनं आठ जोडचाकांची होती, म्हणजे बघायला भारदस्त. विदर्भात यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूरची शकुंतलाही अडीच फुटीच. तिच्यावर १९२१ चं मँचेस्टरमध्ये बांधलेलं वाफेचं इंजिन १९९४ पर्यंत धावत होतं. नेरळ-माथेरान दोन फुटी, १९०७ ची. ९ मिलिमीटरवर ती किंचित रुंद होते, पण १:७६ घेतलं तर फरक मिलिमीटरभर उरतो.

लेआउटच्या दृष्टीने याचा फायदा वळणात आहे. ब्रिटनच्या पेको कंपनीचे या मापाचे तयार वळण-तुकडे ९ इंच, म्हणजे २३ सेंटिमीटर त्रिज्येचे मिळतात. चार फूट बाय दोन फुटांच्या फळीवर पूर्ण फेरी, एक स्टेशन आणि एक सायडिंग बसते. पंढरपूरच्या वारीतली गर्दी, फलाट नसलेलं स्टेशन, कडुलिंबाखालची टपरी हे सगळं एचओच्या आकारात, म्हणजे डोळ्यांना दिसेल असं करता येतं.

तोटा एकच, पण मोठा: तयार गाड्या नाहीत. एनची चासी घेऊन वर बॉडी स्वतः बनवावी लागते, कार्ड, सनबोर्ड किंवा थ्रीडी प्रिंटची. ज्याला हाताने करण्यात रस आहे त्याला हाच लेआउट सगळ्यांत जास्त आनंद देईल असं मला मनापासून वाटतं. ज्याला खोकं उघडून गाडी चालवायची आहे, त्याने इकडे वळू नये.

वाढवायचं कसं: टेबल, फळी की मॉड्यूल

लेआउट कधी पूर्ण होत नाही. म्हणून पहिली फळी कापण्याआधी दुसरी कुठे लागणार हे ठरलेलं असावं. या निवडीत तीन पर्याय खरोखर वेगळे आहेत.

एकसंध टेबल करायला सोपं आणि स्वस्त. पण माणसाचा हात आरामात पाऊण मीटरच पोचतो. चार फुटी टेबल भिंतीला लावलं की पलीकडच्या रुळावर पडलेला डबा उचलता येत नाही. तिन्ही बाजूंनी फिरायला जागा सोडली तर १२ बाय ८ फुटांची खोली नुसती त्यातच जाते. वाढवायचं म्हटलं तर टेबलाच्या कडेला कापाकापी. आणि भाड्याच्या घरात अकरा महिन्यांच्या करारावर राहणाऱ्याला मी एकसंध टेबल कधीच सुचवणार नाही. ते लिफ्टमध्ये जात नाही, जिन्यात वळत नाही, शेवटी करवत लावावी लागते.

भिंतीकडेची फळी घर स्वतःचं असेल तर उत्तम. एका भिंतीपासून सुरुवात होते, पैसे आणि वेळ मिळेल तशी दुसरी भिंत जोडता येते आणि प्रत्येक टप्प्यावर गाडी चालत राहते. फक्त पहिल्या भिंतीचा रूळ दोन्ही टोकांना फळीच्या कडेशी काटकोनात आणा, म्हणजे पुढची फळी थेट जुळेल.

मॉड्यूल म्हणजे स्वतंत्र पेट्या. एनमध्ये टी-ट्रॅक नावाची पद्धत जपानमध्ये सुरू झाली आणि आता जगभर पसरली आहे. एका साध्या मॉड्यूलची लांबी ३०८ मिलिमीटर, आणि त्यावर २४८ आणि ६२ मिलिमीटरचे युनिट्रॅकचे तुकडे मिळून ३१० मिलिमीटरचा रूळ. म्हणजे दोन्ही टोकांना रूळ मिलिमीटरभर बाहेर येतो. दोन मॉड्यूल जेवणाच्या टेबलावर शेजारी सरकवली की तो मिलिमीटर एकमेकांत अडकतो, खाच बसल्याचा बारीक आवाज होतो आणि दोन स्वतंत्र पेट्या एक लेआउट होतात. खाली उंची जुळवायला बोल्ट असतात. पेटी वीतभर खोलीची, कपाटात पुस्तकासारखी उभी राहते. एकावर माथेरानचा कडा, दुसरीवर पंढरीची वाट, तिसरीवर नुसतं भाताचं शेत, असं सवडीने करत जा. आवडलं नाही तर एक पेटी बदला, बाकी लेआउटला धक्का नाही. चार मित्र एकाच मापाने करत असतील तर रविवारी एखाद्या सभागृहात सगळ्यांची मॉड्यूल्स जोडून वीस-पंचवीस मीटरांची फेरी होते. फ्लॅटमध्ये राहणाऱ्या आणि आज ना उद्या घर बदलणाऱ्या माणसासाठी माझी पहिली शिफारस हीच.

रुळांचंही इथेच ठरतं. पाया जोडलेला तयार रूळ मोडून पुन्हा मांडता येतो, पण वळणं त्याने दिलेल्याच मापाची. फ्लेक्स रूळ तीन फुटी पट्टीत येतो, हवा तसा वाकतो आणि दिसतो जास्त खरा. एकदा चिकटवला की तो तिथलाच. दोन्हींत मी असं सुचवेन: नकाशा नक्की होईपर्यंत तयार रूळ, भिंतीकडेची कायमची फळी झाली की फ्लेक्स. सांधे मात्र चांगल्या कंपनीचेच घ्या. गाड्या रुळावरून उतरतात त्या बहुतेक वेळा सांध्यावरच.

डीसी की डीसीसी

साध्या डीसीमध्ये कंट्रोलर रुळातलं व्होल्टेज वाढवतो-कमी करतो. रुळावर दोन इंजिनं असतील तर दोन्ही धावतात. एकाला थांबवायचं तर रुळाचे भाग पाडून प्रत्येक भागाला स्वतंत्र बटण द्यावं लागतं. डीसीसीमध्ये रुळात सतत पूर्ण वीज असते आणि तिच्यासोबत डिजिटल आज्ञा जाते. प्रत्येक इंजिनात डिकोडर असतो, तो आपल्याच क्रमांकाची आज्ञा ऐकतो. जर्मनीच्या लेन्झ कंपनीची ही पद्धत अमेरिकेच्या एनएमआरए या संस्थेने १९९० च्या दशकात मानक म्हणून स्वीकारली, त्यामुळे एका कंपनीचा डिकोडर दुसरीच्या यंत्रावर चालतो.

एक गाडी, एक फेरी असेल तर डीसी पुरे. एचओत दोन इंजिनं झाली की मी डीसीसीकडे जाईन, कारण शंटिंग आणि आवाज हे दोन्ही त्याशिवाय अपुरे वाटतात. एनमध्ये घाई नको. जुन्या छोट्या इंजिनांत डिकोडर बसवणं कटकटीचं असतं. घेताना 'डीसीसी रेडी' आहे का, हे मात्र नक्की बघा. तयार यंत्र महाग वाटलं तर डीसीसी-ईएक्स हा मुक्त प्रकल्प आहे. आर्डुइनो मेगा आणि मोटर शील्ड या दोन इलेक्ट्रॉनिक पाट्यांवर तो चालतो आणि वायफायची पाटी जोडली की मोबाइल हाच कंट्रोलर होतो. या पाट्या मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात पासोड्या विठोबाजवळच्या दुकानांत मिळतात.

पद्धत कुठलीही घ्या, तारा पहिल्या दिवशीच नीट टाका. फळीखालून दीड चौरस मिलिमीटरच्या दोन जाड तारा, लाल आणि काळी, लेआउटभर न्या आणि दर मीटरला बारीक तारांनी त्या रुळाला जोडा. रुळांच्या जोडपट्ट्यांवर विसंबून राहिलात तर लांबच्या टोकाला गाडी मंदावते. डीसीसी असेल तर एक सोपी चाचणी करा. रुळावर ठिकठिकाणी रुपयाचं नाणं आडवं ठेवा. प्रत्येक ठिकाणी यंत्राने ताबडतोब वीज तोडली पाहिजे. जिथे तोडत नाही, तिथे तार कमी पडते आहे. गाडी घसरून शॉर्ट झालं की त्याच जागी डिकोडर जळेल किंवा डब्याचं प्लास्टिक वितळेल. रूळ वळून स्वतःलाच परत मिळणारी फेरी करणार असाल तर तिथे ध्रुव बदलणारं यंत्र लागतं, नाहीतर शॉर्ट ठरलेलं.

घाट

सह्याद्रीचा लेआउट म्हणजे घाट आलाच. बोरघाटाचा चढ प्रत्यक्षात ३७ ला १, म्हणजे २.७ टक्के. कर्जतहून लोणावळ्याला जाताना गाडीला मागून बँकर इंजिनं लागतात ती यामुळेच. एचओत एक रूळ दुसऱ्यावरून न्यायला आठ सेंटिमीटर उंची लागते. बोरघाटाच्याच चढाने त्याला तीन मीटर लांबी हवी, शिवाय चढाच्या दोन्ही टोकांना हळूहळू वाकणारा भाग. एनमध्ये पाच सेंटिमीटर उंची १.८५ मीटरांत होते. म्हणजे घाट हवाच असेल तर ८ बाय ४ वर एन, किंवा एचओत खोलीभरची फळी. माथेरानचा २० ला १ चढ मात्र चार फुटांच्या फळीवरही करता येतो, दोन-तीन छोट्या डब्यांना तो झेपतो. हेही नॅरोगेजच्या पारड्यात टाका.

डोंगर करायला परदेशी साहित्य मागवायची गरज नाही. दिवाळीचा किल्ला केलेल्या हाताला ते येतंच: सांगाडा, त्यावर गोणपाट, वर लेप. माती वजनदार पडते आणि वाळून झडते, म्हणून लेप पीओपीचा करा.

पाऊस, प्लायवूड आणि खर्च

कोकणात आणि मुंबईत जून ते सप्टेंबर हा लेआउटचा परीक्षेचा काळ. एमडीएफ वापरूच नका, दमट हवेत कडा फुगतात आणि रूळ वरखाली होतात. आयएस ७१० शिक्क्याचं मरीन प्लाय ९ किंवा १२ मिलिमीटरचं घ्या, खालून आणि कडांना ऑइल पेंट मारा, भिंतीपासून बोटभर अंतर ठेवा. वाळवीचा प्रादुर्भाव असेल तर लाकडी चौकटीऐवजी ॲल्युमिनियमची चौकट बरी. रूळ निकेल सिल्व्हरचेच घ्या. पितळी रूळ स्वस्त मिळतात, पण एका पावसाळ्यात काळवंडतात आणि सारखे घासावे लागतात. फ्लेक्स रुळाच्या जोडांत अर्धा मिलिमीटर फट सोडा. रूळ फारसा वाढत नाही, खालचं लाकूड मात्र हलतं.

खर्चात एनचं जपानी इंजिन साधारण सात ते बारा हजार येनांत आणि युरोपीय एचओ इंजिन दोनशे ते तीनशे युरोंत पडतं, त्यावर कुरिअर आणि कस्टम ड्युटी. डब्यांच्या संख्येने एचओचा खर्च पटापट चढतो. कपलिंग आधी जुळवून बघा. अमेरिकी पकड, युरोपीय कडी आणि एनमधलं रॅपिडो एकमेकांत अडकत नाहीत, आणि एकेका डब्याचं कपलिंग बदलणं वेळखाऊ असतं. जर्मनीच्या मार्कलिन कंपनीच्या तीन रुळी पद्धतीत स्वतःत परतणारी फेरी बिनदिक्कत करता येते, पण पुढची सगळी खरेदी त्याच घराण्यातून करावी लागते. म्हणून आपल्याकडे सुरुवातीला मी ती सुचवत नाही.

पैसे गुंतवण्याआधी पुण्यात कोथरूडला जोशींचं लघुरेल्वे संग्रहालय बघून या. ते १९९८ पासून आहे. तिथे गाड्या वळणावर कशा दिसतात, सांध्यावरून कशा जातात आणि लांबून डोळ्याला कुठला आकार भावतो, हे तासाभरात कळेल.

स्वतःची खोली आणि घरात लहान मूल असेल तर एचओ, भिंतीकडेची फळी, डीसीसी. दोन खोल्यांचा फ्लॅट आणि लांब गाडीची हौस असेल तर एन, टी-ट्रॅकची मॉड्यूल्स, आधी डीसी. जागा चार फूट आणि हाताला कामाची आवड असेल तर बार्शी लाइट. एचओचा छोटा सेट आधीच घरात असेल तर तो विकू नका. त्याच्या ४५ सेंटिमीटरच्या वळणावर एलएचबी लावायचा हट्ट सोडा. तीच वळणं ठेवून आखूड वाघिणींची मालगाडी आणि एक इंग्लेनूक जोडा, आणि पुढच्या खरेदीत डब्यांऐवजी दोन चांगले सांधे घ्या.